छतावरच्या अळ्या

दांडिया बाजारातल्या धनाजीरावांच्या घरात अळ्या झाल्या आणि खापर फुटलं मैथिलीच्या माथी. फुटणारच की! विधवा सून, त्यातून नोकरी करणारी. कॉलेजात किडे शिकवते आणि घरात पोसते, असं धनाजीराव शेजारच्या गुजराती मासीबांसमोर म्हणाले. सासूबाई, रखमाबाई, गप्प राहिल्या. मुलगा पृथ्वीराज मकरपुऱ्याहून परतताना अपघातात गेला, तेव्हापासून त्या गप्पच होत्या. त्याचं नाव निघालं की धनाजीराव भरल्या ताटावरून उठायचे. पण आईच्या डोळ्यांत टिपूसही येऊ नये, हे मैथिलीला फार लागलं होतं.

तिने डबे उन्हात घातले, रवा फेकला, फडताळं धुतली. तरी छतावर अळ्या चालतच होत्या. शेवटी तिने या अळ्यांचा एक पतंग बाटलीत धरून भिंगाखाली पाहिला. तोंड चोचीसारखं पुढे आलेलं, पंख मुळाशी फिके, टोकाकडे तांबूस. जात तिने लगेच ओळखली. हिची अळी सुक्या मेव्यावर पोसते आणि कोष करायला खाणं सोडून लांब चालत जाते. म्हणजे अळ्या दिसत त्या जागेखालच्या डब्यांचा दोष नव्हताच. अळीमागे राहिलेले रेशमाचे बारीक धागे पाहत ती स्टुलावरून पुढे पुढे सरकली आणि देवघरावरच्या फळीशी पोचली.

फळीवर रखमाबाईंचा पितळी डबा होता. आत कागदाच्या पुड्या, जाळी धरलेल्या. दर गुरुवारी आरतीनंतर रखमाबाई खारीक-बेदाणे वाटत, तेवढ्याच मापाची एकेक पुडी. मैथिलीला कळलं, हा दर गुरुवारी बाजूला ठेवलेला पृथ्वीराजचा वाटा होता.

"त्याला बेदाणे आवडायचे," मागून रखमाबाई म्हणाल्या.

इतक्यात बाहेरून धनाजीरावांनी विचारलं, सापडलं का काही?

"माझ्याच रव्यात होत्या, आबा," मैथिली म्हणाली. मग बसायची ती बोलणी बसली, ती तिने खाली मान घालून ऐकून घेतली. रखमाबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

गुरुवारी जेवणाआधी रखमाबाईंनी सगळ्यांना खारीक-बेदाणे वाटले आणि एक वाटी जास्तीची मांडली.

"ही कुणाची?" धनाजीरावांनी विचारलं.

"पृथ्वीची. आणि अळ्या माझ्या डब्यात होत्या, हिच्या रव्यात नव्हे."

धनाजीराव अर्धे उठले. थोडा वेळ तसेच ताटाशी वाकून राहिले, मग खाली बसले. आपल्या वाटीतले बेदाणे वेचून त्यांनी त्या वाटीत घातले.

"हिच्याकडे घट्ट झाकणाची बरणी असेल," ते म्हणाले. "त्याचा वाटा तिच्यात ठेवा."