दुपारीच बंद पडणारी पिकअप

थोरला माझ्या गॅरेजमध्ये शिरला तोच शटर अर्धं खाली ओढत. मला वाटलं उन्हाचं ओढतोय. पण तो कानाशी येऊन कुजबुजला, "दादा, गाडीत त्याने काहीतरी करून ठेवलंय. तू शोधून काढ."

त्याने म्हणजे धाकट्याने. हे दोघे माझे मावसभाऊ. दोघांत मिळून एक पिकअप. सकाळी थोरला तिच्यातून बेकरीचा पाव पोचवतो, दुपारी धाकटा फरश्या वाहतो. आणि हल्ली ती पिकअप चालता चालता गपकन बंद पडायची. थोडा वेळ थांबलं की परत चालू, जसं काही झालंच नाही.

"माझ्या हातात कधी बंद पडत नाही," थोरला म्हणाला. "त्याच्या हातात बरोबर पडते. का?"

"का?"

"ही भंगार ठरवायची, विकायची आणि आपली वेगळी गाडी घ्यायची. कळलं?"

मी गंभीर चेहरा केला. तो मला छान जमतो. आजवरच्या सगळ्या खोड्या मी त्याच चेहऱ्याने केल्यात.

तो गेला आणि मागच्या दाराने धाकटा आला.

"दादा, अण्णा आला होता का इथे?"

"छे! कोण अण्णा?"

"दुपारी गाडी माझ्या ताब्यात देताना तो काहीतरी सैल करून देतो. मला फरश्यांचं काम मिळालं ते त्याच्या डोळ्यांत खुपतंय. तू पकड त्याला. फक्त मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

मला तर आतून गुदगुल्या व्हायला लागल्या. दोन चोर आणि दोघेही पोलीस! आठवडाभर करमणूक होईल असा हिशेब मी मांडत होतो, तेवढ्यात मावशीचा फोन आला.

"अरे, गाडी विकून वेगळे व्हायला निघालेत दोघं. घेणारा उद्या बघायला येतोय. एकाने पाणी मागितलं तर दुसरा पेला सरकवत नाही. काहीतरी कर बाबा. पण तुझा चावटपणा नको."

मग मी गाडीखाली शिरलो.

आता खोडी हा आपला विषय. गल्लीत कुणाच्या स्कूटरची हवा गेली तरी लोक आधी माझ्या दाराशी येतात. म्हणून मी स्वतःलाच विचारलं, ही गाडी फक्त दुपारी बंद पाडायची, तर मी काय केलं असतं? डिझेलचा पाइप चिमटला असता. पाइपवर चिमट्याची खूण नाही. अर्थिंगचा बोल्ट सैल केला असता. बोल्ट घट्ट, वर धुळीचा थर जसाच्या तसा. पान्याने कुणी शिवलं असतं तर लगेच दिसलं असतं. सीटखाली चोर बटण बसवलं असतं. सीटखाली एक मोजा सापडला, तोही एकाच पायाचा. खरं सांगतो, मला जरा वाईटच वाटलं. दोघांतल्या एकालाही धड खोडी करता येत नाही!

शेवटी फरश्या भरून मी स्वतः गाडी चढावर घेतली. अर्ध्यावर गपकन बंद. तिथेच स्कॅनर जोडला. एरवी गाडीचा कंप्युटर स्कॅनरशी भडाभडा बोलतो. आता चिडीचूप. त्याच्या प्लगापर्यंत बॅटरीचा करंट नीट येत होता, अर्थिंग ठीक, फ्यूज ठीक. खाणं पोटापर्यंत पोचतंय आणि माणूस हूं की चूं करत नाही, अशी गत. बोनेट उघडं टाकून गाडी निवू दिली, तर हा परत बोलायला लागला.

म्हणजे चोर तोच. इंजिनाला डिझेल कधी आणि किती द्यायचं हे ठरवणारा, इंजिनाशेजारचा डबा. आत कुठेतरी सोल्डरच्या टाक्याला बारीक तडा गेलेला. तापला की सांधा सुटतो, निवला की जुळतो. सकाळी हवा गार आणि पाव हलका. दुपारी ऊन आणि फरश्या.

पण हे सांगायचं कुणाला? थोरला म्हणणार, धाकट्याने तुला फितवलं. धाकटा म्हणणार, अण्णाने. म्हणून मी दोघांनाही बोलावलं, आणि दोघांनाही सांगितलं की दुसरा येणार नाहीये.

"हा इथे काय करतोय?" दोघं एकदमच म्हणाले.

"गाडी तुम्हीच तपासा," मी म्हणालो. "माझे हात मागे." आणि बायकोचा केस वाळवायचा ड्रायर थोरल्याच्या हातात दिला. तिला विचारलं नव्हतं, पण ते जाऊ दे.

धाकट्याने गाडी चालू केली. थोरला त्या डब्यावर गरम हवा सोडायला लागला.

"त्याचे पाय बघ आधी!" थोरला ओरडला. "आत काहीतरी दाबेल."

धाकटा पाय दाराबाहेर लोंबकळवत बसला. "घे. हातही वर करू का?"

"कर."

हात वर, पाय बाहेर, आणि गाडी गपकन बंद.

पंख्याने डबा गार केला, जागा बदलल्या. आता ड्रायर धाकट्याकडे, थोरला सीटवर हात वर करून. पुन्हा बंद.

धाकटा ड्रायर बंद करून म्हणाला, "अण्णा, मी माझंच गिऱ्हाईक घालवीन असं वाटलं तुला?"

"आणि मी सैल करून देतो? मला बोनेटचा खटका अजून एका झटक्यात सापडत नाही."

"ते माहितेय मला."

"मग?"

दोघं खाली बघायला लागले. मी मनात म्हटलं, मिटलं. तेवढ्यात थोरल्याची नजर ड्रायरवरून माझ्यावर आली.

"एक मिनिट. एवढं भाजलं तर कुठलाही कंप्युटर बंद पडेल की!"

"हो ना!" धाकटा त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. "आणि नवीन विकणार कोण? हाच!"

"चेहरा बघ कसा केलाय."

"हाच चेहरा. माझ्या लग्नातही हाच होता."

"बरं," मी म्हणालो. "नवीन बसवतो. त्यालाही असंच भाजा. बंद पडला तर एक पैसा देऊ नका."

थोरल्याने घेणाऱ्याला फोन लावला. "उद्या येऊ नका. नाही नाही, किमतीचं काही नाही. इथे घरचाच माणूस फसवतोय का ते आधी बघायचंय."

नवीन डबा मागवला. तो बसवताना दोघं एकाच बाकावर, डोळ्यांत तेल घालून. मी बॅटरी सोडली, प्लग काढले, जुना डबा उतरवला. धाकट्याने तो लगेच उचलून मांडीवर घेतला. "हा आमच्याकडेच राहील." नव्याला किल्लीची ओळख करून द्यावी लागते, आणि डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावरचा नंबर त्यात भरावा लागतो. नंबर थोरल्याने टॉर्च धरून वाचले, धाकट्याने स्क्रीनवर ताडून पाहिले. मला एकही आकडा माझ्या मनाने भरू दिला नाही.

मग ड्रायर. दोघांनी आळीपाळीने हात दुखेपर्यंत धरला. गाडी आपली गुरगुरतेच आहे.

"आत्ता चालतेय," थोरला म्हणाला. "फरश्या भरून चढावर बघू."

"तू कशाला येतोस अण्णा? तुझं दुपारचं जेवण..."

"तू एकटा गेलास आणि बंद पडली तर हा म्हणेल, तूच काहीतरी केलंस. दोन साक्षीदार बरे."

धाकट्याने जुना डबा त्याच्या मांडीवर दिला आणि स्टेअरिंग धरलं. पिकअप कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघांची डोकी खिडक्यांतून बाहेर होती, आणि दोघंही माझ्यावरच नजर ठेवून होते.