वस्त्रगाळ राख

उदगीर-देवणी रस्त्याला कचरा जाळायची भट्टी आली आणि नागुबाईला तिथं काम लागलं. धुराड्याच्या पोटात साचलेली राख खरवडायची न् पोत्यात भरायची. राख कसली, मैदाच! सुपरवायझर राजशेखर स्वतः म्हणाला, "मावशी, न्या की घरी दोन-चार पोती. हितं ठेवायला जागा कुठाय?" राख न्यायला लांबून गाडी येणार होती म्हणे. वर्ष झालं, गाडीचा पत्ता नाही.

नागुबाईनं नेली. का नेऊ नये? उभा जन्म राखेनं भांडी घासली, राखुंडीनं दात घासले. आता घरोघरी गॅस आला, चुली गेल्या, मूठभर राख मिळेना. तिनं ती जुन्या लुगड्यातून गाळली, मीठ कालवलं, डब्यात भरली. बघता बघता सगळी वस्ती मागायला लागली. आणि ऐका, वरच्या गल्लीतली सरजाबाईसुद्धा वाटी घेऊन दारात आली! जिच्या सासूनं नागुबाईच्या आईला कधी पायरी चढू दिली नाही, ती सरजाबाई. नागुबाईला लई बरं वाटलं. तिनं वाटी शीग लावून भरली.

लुंबिनी तिची नात, सहा वर्षांची. रोज सकाळी आजीला खेटून बसायची, बोटानं दात घासायची, राखाडी ओठांनी खिदळायची. थंडीत तिचं पोट दुखायला लागलं. जंताचं औषध झालं, काढे झाले. पोर पिवळी पडली. तोंडपाठ असलेला दोनचा पाढा विसरली. गुरुजी म्हणाले, हिचं ध्यानच नसतं. नागुबाईनं पाठीत दोन रट्टे घातले. ते रट्टे आता तिलाच झोपू देत नाहीत.

शेवटी नांदेड गाठलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला धाडलं, आणि आठ दिवसांनी कागद हातात धरून विचारलं, "ही दात कशानं घासते?"

रक्तात शिसं निघालं होतं. मग डब्यातली राख तपासली. शिसं तिच्यातही होतं.

गावभर बोभाटा झाला. चौकशीला साहेब आले, तर राजशेखरनं बिनदिक्कत लिहून दिलं: राख आमचीच, पण आम्ही कुणाला दिली नाही, कामगार बाईनं चोरून नेली. चोर! ज्या माणसानं हातानं पोती उचलून दिली, त्यानं हे लिहावं? संध्याकाळी सरजाबाईनं डबा दारात आपटला. "आमच्या लेकरांना विष चारलंस गं नागू!" नागुबाईनं डबा उचलून घेतला. चारलं तर होतंच, तिनंच, गाळून गाळून.

दुसऱ्या दिवशी ती दारोदार फिरली. कुणी डबा दिला, कुणी शिव्या दिल्या. न्हाणीच्या कोनाड्यातली चिमूटही तिनं सोडली नाही. दोन पोती भरली. ऑटोवाल्या रियाजनं ती भट्टीवर आणून टाकली.

नागुबाईनं एक पोतं ओढत आत नेलं, राजशेखरच्या टेबलावर ठेवलं आणि पोत्याचं तोंड सोडायला लागली.

"चोरीचा माल आणलाय साहेब. बघून घ्या."

राजशेखर खुर्चीसकट मागं सरकला. खिशातला रुमाल नाकाला लागलासुद्धा. "ओ मावशी, उघडू नका! हात लावू नका त्याला, लांब न्या!"

नागुबाईचा हात पोत्यावरच थांबला.

"म्हंजे तुला ठाव होतं," ती म्हणाली. तिच्या तोंडचं 'साहेब' गेलं, 'तुम्ही' गेलं.

त्यानं रुमाल आणखी घट्ट दाबला.

"वस्तीतली सगळी खरवडून आणलीय. थोडी कमी भरंल," ती म्हणाली. "ती माझ्या लुंबीच्या अंगात हाय. ती कशी काढू, तेवढं सांग."