मनगटावरचे ठोके

स्टेलाने पडद्यावरच्या लाल चौकटीवर बोट ठेवले, 'पट्टा सैल' हे कारण निवडले आणि इशारा बंद केला. चौकट हिरवी झाली. तिने तळहात ओढणीला पुसले.

इशारा सुपरवायझर वैजनाथचा होता.

सुप्याच्या त्या ओतकाम कारखान्यात भट्टीजवळच्या प्रत्येक माणसाच्या मनगटावर काळा पट्टा असे. पट्ट्याच्या पोटातला हिरवा दिवा कातडीखालच्या रक्तावर उजेड टाकून ठोके मोजी. दुसरा सेन्सर अंगाची उष्णता पाही, आणि तिसरा, माणूस हलतोय की निपचित पडलाय ते. काही बिघडले की इशारा सुपरवायझरच्या मोबाईलवर जाई. सुपरवायझरचाच असेल तर थेट वर, काचेच्या खोलीत. तिथे ऑगस्टपासून स्टेला भिंगारदिवे बसत होती. नवरा जस्टिन गेल्यावर कंपनीने दिलेली नोकरी.

जस्टिन मे महिन्यात भट्टीपाशी कोसळला होता. त्याने पट्टा घातलाच नव्हता, असे वैजनाथने अहवालात लिहिले. स्टेलाला ते खरे वाटले. एवढंही कसं जमलं न्हाई तुला, म्हणून ती फोटोसमोर उभी राहून जस्टिनवरच ओरडली होती.

मग काम शिकताना जुन्या नोंदी उघडल्या, तर त्या दुपारचे जस्टिनचे ठोके तिथे होते. एकशे साठ. एकशे अठ्ठ्याहत्तर. वीस मिनिटांत तीन इशारे, आणि तिन्ही वैजनाथच्या मोबाईलवरून बंद केलेले. कारण, 'पट्टा सैल'. तिसऱ्या इशाऱ्यानंतर हालचाल शून्य झाली होती. ठोके त्यानंतरही सहा मिनिटे पडत होते.

ती सहा मिनिटे स्टेला रोज वाचत असे. डबा खायच्या आधी.

नोंदींच्या प्रती तिने नगरला सूर्यभान वकिलांकडे नेऊन दिल्या. वकिलांनी चष्मा वर सरकवला.

"कागद पक्के हायेत. पन त्याला दुसऱ्या मजल्यावरच्या कोर्टात आनून, पिंजऱ्यात उभं करून विचारावं लागंल, मोबाईल कुनाच्या हातात हुता. तोवर तोंड बंद ठेवा, बाई."

तिने ठेवले. रोज सकाळी वैजनाथला नमस्कार केला. आणि आज त्याचे ठोके चुकत होते.

चौकट पुन्हा लाल झाली. एकशे सत्तर, मग अठ्ठ्याण्णव, मग पुन्हा एकशे सत्तर. स्टेलाने काचेतून खाली पाहिले. वैजनाथ कुणावर तरी ओरडत होता, पण एक हात खांबाला घट्ट धरून. त्याला असाच पडताना तिने किती वेळा मनात पाहिले होते. तिचे बोट पुन्हा त्याच 'पट्टा सैल'वर फिरू लागले. पड, ती पुटपुटली. पड तिथंच.

आणि मग तिला वाटले, हा असा पडला तर सुटला. चांगला माणूस होता म्हणतील. फाईल मिटवतील. मेलेल्याला कोण प्रश्न विचारणार?

तिने रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला आणि जिना उतरत धावली.

"सायेब, बसा खाली."

"काय धाड भरलीय मला? जा वर."

"बसा म्हन्ते ना!"

तिने त्याला दंडाला धरून वाळूच्या गोणीवर खाली दाबले. त्याचे ओठ निळसर पडले होते. शर्टाची वरची बटणे तिनेच काढली.

रुग्णवाहिकेत ती त्याच्याशेजारी बसली. नगरपर्यंत त्याचे मनगट सोडले नाही. डोळे मिटू लागला की ती हाक मारी. केडगावच्या अलीकडे त्याने तिच्याकडे वळून पाहिले.

"स्टेलाताई, तुमच्या जस्टिनच्या वक्ताला मी..."

"आत्ता न्हाई," ती म्हणाली. "दम राखून ठेवा. बोलायला लई येळ हाय."

त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळले. ते तिने पुसले नाही.

सहाव्या दिवशी ती दवाखान्यात गेली. वैजनाथ उशांना टेकून झोपला होता. गालांवर रंग आला होता. त्याची बायको आरती धावतच पुढे आली आणि तिने स्टेलाचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले.

"तुमी हुत्या म्हनून कुकू राह्यलं माझं. तुमचं एवढं दुःख, आन् तरी..."

"डॉक्टर काय म्हन्ले?"

"नळी बसवली. धोका टळला म्हन्ले."

"जिना चढायला जमंल का? दोन मजले?"

"महिन्याभरात चढतील म्हन्ले." आरतीने पदराने डोळे टिपले. "किती काळजी करता वो त्यांची!"

स्टेलाने खाटेवरच्या माणसाकडे बराच वेळ पाहिले. त्याची छाती सावकाश, नेमाने वर-खाली होत होती.

"औषधं येळेवर द्या," ती म्हणाली.

बाहेर येऊन तिने सूर्यभान वकिलांना फोन लावला आणि कोर्टाची तारीख महिनाभराने घ्या म्हणून सांगितले.