साहेबांची आवक-जावक

चौतीस वर्षांत ज्यांच्या हातून एकही नोंद चुकली नाही, अशा माणसांच्या जिवावर जगाचा कारभार चालतो. असे एक गृहस्थ, निवृत्त आवक-जावक कारकून, त्या सकाळी अंगणाच्या कोपऱ्यात उकिडवे बसून कुत्र्याची शी निरखत होते. "पातळ," असं म्हणून त्यांनी वहीत लिहिलं.

कुत्र्याचं नाव साहेब. जेवून झोपला की थेट पाचलाच उठतो, म्हणून मुलीने ठेवलेलं. ती लग्न होऊन गेली, साहेब राहिले. आता त्यांना तेरावं वर्ष सरलं होतं. दात गेले होते, आणि तीन आठवडे पोट ताळ्यावर नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पथ्य बांधून दिलं: मऊ भात, उकडलेला भोपळा, कोंबडीचं बिनचरबीचं मांस, थोडं थोडं, चार वेळा. कारकुनांनी वहीत दोन रकाने आखले. तोंडातून जाईल ती आवक, उरलेली जावक.

"माझ्या दुखण्यात कधी एवढं लक्ष दिलं नाहीत," बायको म्हणाली. तिच्या दुखण्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

पथ्य चोख, तरी जावक पातळच. म्हणजे बाहेरून कोणीतरी खाऊ घालतंय. त्यांनी बायकोची उलटतपासणी घेतली, मग कुंपणावरून शेजारणीची. शेजारीण बोलायची बंद झाली. साहेबांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी वही पहिल्यापासून वाचली. अशी वही मी पाहिली नाही, म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, की आता भूल देऊन आतून बघावं लागेल, आणि या वयात भुलीतून उठेलच असं सांगता येत नाही. त्यांनी संमतीचा कागद पुढे केला. कारकुनांनी पेन काढलं. टोपण मात्र निघेना.

"काका, वहीत नाही असं काही पोटात जात नाही ना?"

"नाही."

"अहो," बायको हळूच म्हणाली, "आणि साय?"

लहानपणापासून कारकुनांना दुधावरची साय बघवत नसे. रोज सकाळी ते ती बोटाने काढत आणि बोट खाली धरत. तेरा वर्षं.

"ती हातोहात असते," कारकून म्हणाले. "हातोहात दिलेल्याची नोंद होत नाही."

कार्यालयाचा नियमच होता तसा. डॉक्टरीणबाईंनी कागद परत ओढून घेतला. म्हाताऱ्या पोटाला साय पचत नाही, म्हणाल्या. किती, त्यांनी विचारलं. कारकुनांनी बोटाचं दुसरं पेर दाखवलं आणि पेन खिशात ठेवत म्हणाले, "कधी कधी दोनदा."

साय बंद झाली. पाचव्या दिवशी वहीत आलं: घट्ट. कारकून डोळे मिटून स्वतः साय गिळू लागले. टेबलाखाली साहेब नाक वर करून बसत, आणि कारकून वर्तमानपत्र आडवं धरत. शेजारणीकडे त्यांनी स्वतः जाऊन माफी मागितली. तिने ती ठेवून घेतली, बोलली नाही.

साहेब पुढे सात महिने जगले. शेवटच्या सकाळी त्यांनी भात हुंगलाही नाही. त्या तारखेला आवकेत नोंद आहे: साय, एक बोट. खाली सही आहे.

जावकेचा रकाना कोरा आहे.