उणे अठरातलं बटण

ऑफिसातली पंचविशीतली मंडळी त्यांना काका म्हणायची, आणि सेहेचाळिसाव्या वर्षीच ते खरोखर काका दिसायला लागले होते. एकदा लिहिलं की दोन्ही जातींच्या फोनवर चालेल असं ॲप बनवायचं एक टूल असतं. त्या टूलवर काका दिवसाचे दहा तास बटणं मांडत बसायचे. घरी आल्यावर तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही, अशी बायकोची तक्रार होती. फुटणार कसा? आज एक बटण चार रेघा डावीकडे सरकवलं, हे काय बायकोला सांगायचं?

त्या दिवशी मात्र खुर्ची सोडून जावं लागलं. मटार आणि मका गोठवून ठेवणाऱ्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये काकांचंच ॲप चालायचं. तिथल्या एका बाईने तिसऱ्यांदा चांगला माल ‘पाठवा’ऐवजी ‘बाद’ करून टाकला होता. तिसरी चूक झाली की काम गेलं, असा तिथला नियम. त्याआधी फक्त ॲप बनवणाऱ्याने कागदावर लिहून द्यायचं, चूक वापरणारीची की ॲपची. निघताना वरिष्ठ म्हणाले होते, “ॲपची म्हणालात तर पुढचं काम हातचं जाईल. बघा बुवा.” त्या ‘बघा बुवा’चा अर्थ काकांना चांगला कळत होता. पाच मिनिटांत सही ठोकून परत यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

दारातच त्यांना जाड कोट आणि त्याहून जाड हातमोजे मिळाले. आत तापमान उणे अठरा होतं. सुपरवायझरने बोट दाखवलं तिकडे एक पस्तिशीची बाई ट्रॉली ढकलत येत होती. ट्रॉलीच्या दांड्याला फोन बसवलेला होता. ती वाकली, नाकाचं टोक स्क्रीनला टेकवलं आणि पुढे निघाली. आपली थट्टा चाललीय असंच काकांना वाटलं.

“हे काय, ताई?”

“हातमोज्यातून बोट लागत नाही, साहेब.”

“मग काढायचे ना.”

“काढून बघा.”

काकांनी काढून बघितले. तिसऱ्या खोक्यापर्यंत बोटं आपली आहेत हेच त्यांना कळेना.

“पाळीत तीनशे खोकी होतात,” ती म्हणाली. “म्हणून आम्ही सगळ्याच नाकाने दाबतो.”

काकांनी आजवर बोटांसाठी बटणं मांडली होती, अंगठ्यांसाठी मांडली होती, डावखुऱ्यांचासुद्धा विचार केला होता. नाकाचा विचार मात्र ऑफिसात कुणाच्या बापाने केला नव्हता.

“बाकीच्यांना जमतं,” सुपरवायझर म्हणाला. “हिचंच लक्ष नसतं.”

बाकीच्यांचे फोन काकांनी पाहिले. ते एका जातीचे होते आणि हिच्या ट्रॉलीवरचा जुना फोन दुसऱ्या जातीचा. मग त्यांनी पुन्हा हातमोजे चढवले आणि स्वतःच त्या जुन्या फोनवर वाकले. नाक जवळ गेलं की डोळ्यांना काही दिसत नाही, सगळा अंदाजाचा कारभार. त्यांनी ‘पाठवा’वर नेम धरला. स्क्रीनवर आलं, ‘बाद’. एक चांगलं खोकं बाद झालं, आणि ते ॲप बनवणाऱ्याने स्वतःच्या नाकाने केलं.

चूक कुठली ते मग त्यांच्या ध्यानात आलं. बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी बटण लागावं म्हणून त्याच्याभोवती न दिसणारी जागा वाढवून ठेवतात. काकांनी ती दोन्ही बटणांना सढळ हाताने वाढवली होती. या जातीच्या फोनवर ‘बाद’ची जागा शेजारच्या ‘पाठवा’च्या अर्ध्या अंगावर चढून बसली होती. ऑफिसात ते माऊसने बटणाच्या अगदी मधोमध दाबायचे. तिथे कधीच काही चुकलं नव्हतं.

थंडीने पेन उमटेना. सुपरवायझरकडून पेन्सिल घेऊन त्यांनी ट्रॉलीवरच कागद ठेवून लिहिलं, ‘चूक ॲपची.’

“तुमच्या कंपनीला चालेल हे?” सुपरवायझरने विचारलं.

“नाही चालणार,” काका म्हणाले. खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं आणि ते त्यांच्यात उरलं नव्हतं.

बाईचं काम वाचलं होतं, पण तिचा चेहरा काही खुलला नाही. काकांना सोडायला ती बाहेर दारापर्यंत आली.

“माझ्याआधी या ट्रॉलीवर माझी जाऊ होती,” ती म्हणाली. “तिच्या वेळी तुमच्याकडचा कागद आला होता. चूक वापरणारीची, असं लिहिलेला.”

तो कागद काकांनीच लिहिला होता. खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते.

“आता काय करतात त्या?”

“घरी असते. अजून म्हणते, माझंच लक्ष नव्हतं.”

काकांना भयंकर लाज वाटली. तिथून निघून जाणं सोपं होतं. ते म्हणाले, “फोन लावा त्यांना.”

तिने लावला. “जाऊबाई, ॲपवाले साहेब बोलतायत,” एवढं सांगून तिने फोन काकांच्या हातात दिला. काकांनी शब्द जुळवून ठेवले होते. चूक माझी होती, तुमची नव्हती. पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच पलीकडून घाईघाईचा आवाज आला.

“साहेब, आता मी नीट लक्ष देईन. परत नाही चूक होणार माझ्याकडून.”