एनिडचं तसराळं

माझी बायको कोरल वारली त्या आठवड्यात अख्खं गाव आमच्या फ्रिजमध्ये येऊन बसलं. तीन लसान्या, भोपळ्याचं सूप, बटाट्याखाली दडवलेला खिमा. खाणारा मी एकटा, आणि मला भूक कसली लागते! निम्मं कुत्र्यानं खाल्लं. हे कुणाला सांगू नका, ग्लेनिसला तर मुळीच नको, कारण त्यातली एक लसान्या तिची होती.

जेवण संपलं, भांडी उरली. सव्वीस. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. भांडं घासून परत करायचं, रिकामं द्यायचं नाही, आणि सोबत आभाराचं कार्ड. हे आमच्या गावात कुणी कुणाला शिकवत नाही. आमच्या घरची कार्डं कोरल लिहायची. मी खाली 'आणि ॲथल' एवढंच लिहायचो. बेचाळीस वर्षं मी त्या 'आणि ॲथल'वर भागवलं.

मुलगी नॅरेल मेलबर्नला परत जाण्याआधी वहीत यादी करून गेली, आधी नाव आणि पुढे भांडं. माझ्या फोनवर ते एआयसुद्धा घालून दिलं.

"बाबा, टाइप करत बसू नकोस, नुसतं बोल. ते मजकूर लिहून देतं. तू फक्त कार्डावर उतरव."

"माझ्या मनातलं त्याला काय डोंबल कळणार?"

"तू सांगितलंस तर कळेल ना! नाहीतर मला तरी कुठे कळतं?"

टोमणा बरोबर बसला.

ती गेल्यावर मी यंत्राला यादी वाचून दाखवली. मिनिटाभरात त्यानं सव्वीस मजकूर काढून दिले. 'आपल्या निःस्वार्थ प्रेमाचा ऊबदार स्पर्श' वगैरे. नमनालाच घडाभर तेल! मी असलं आयुष्यात बोललेलो नाही, गाईशीही नाही आणि माणसाशीही नाही. पण मला ते एकदाचं संपवायचं होतं. तीन दिवस दुपारी बसून सगळं उतरवून काढलं, भांड्यांत कोरलच्या झाडाची लिंबं घातली आणि जिचं भांडं तिच्या व्हरांड्यात ठेवून आलो. दार कुठेच वाजवलं नाही. खरं सांगायचं तर तोंड दाखवायचा धीर नव्हता.

शुक्रवारी सकाळी धारा उरकून घरात येतोय तोच ग्लेनिसचा फोन. ग्लेनिस माझी शेजारीण. आमच्यामध्ये एक कुंपण आहे आणि चाळीस वर्षांची भांडणं.

"ॲथल, 'तुझ्या लसान्यानं आमच्या अंधारात दिवा लावला' असं लिहिलंयस तू मला."

"मग?"

"मेल्या, मागच्या नाताळात त्याच लसान्याला तू बुटाचा तळवा म्हणाला होतास! काल गावच्या हॉलमध्ये सगळ्या जणी कार्डं घेऊन आल्या होत्या. आठ जणींनी तुझ्याकडे दिवा लावलाय. हसून हसून पोट दुखलं आमचं. नॅरेलनं मशीन लावून दिलंय म्हणे?"

"दिलंय. आभार पोचले ना? झालं तर मग."

"पोचले की. कुणाला राग नाही आला." ती थांबली. ग्लेनिस कधी आपण होऊन थांबत नाही. "पण एनिडच्या कार्डावर कुणी हसलं नाही. तू तिचे कसले आभार मानलेस रे? चविष्ट जेवणाचे?"

"भांडं होतं ना तिचं. पांढरं."

"अरे गाढवा, ते तसराळं! त्यात ती कोरलचे केस धुवायची!"

मी तिथेच खुर्चीत बसलो. शेण खाल्लं होतं, आणि तेही स्वतःच्या अक्षरात.

एनिडनं जन्मभर गावातल्या बायकांचे केस कापले. आता एक्याऐंशी वर्षांची आहे. कोरल अंथरुणाला खिळल्यापासून ती दर मंगळवारी आपलं इनॅमलचं तसराळं घेऊन यायची आणि पलंगावरच तिचे केस धुवून द्यायची. पाच महिने, एक मंगळवार चुकला नाही. जेवण तिनं कधीच आणलं नाही. तिला अंडं उकडता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटच्या मंगळवारी तसराळं आमच्याकडेच राहिलं, भांड्यांच्या ढिगात गेलं, आणि बुडाची पट्टी वाचून नॅरेलनं लिहिलं, 'एनिड, पांढरं भांडं'.

"आणि रविवारी तिचा मुलगा येतोय," ग्लेनिस म्हणाली. "ॲडलेडला नेतोय तिला, कायमची. काल ती एवढंच म्हणाली, 'ॲथलला कुठून कळणार, मी आले की तो गोठ्यात पळायचा.' मला ऐकवेना रे."

ते मला फार लागलं. कारण ते खरं नव्हतं, आणि खरं काय होतं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. एनिड तसंच मनात धरून गाव सोडून जाणार होती.

फोन ठेवला आणि यंत्रावर तोंड सोडलं. "एनिडनं जेवण आणलं हे तुला कोणत्या शहाण्यानं सांगितलं?"

"यादीत भांडं होतं, म्हणून मी जेवण धरून चाललो," ते म्हणालं. "आधी विचारायला हवं होतं. माझं चुकलं. त्यांनी नेमकं काय केलं, सांगाल?"

"केस धुतले. माझ्या बायकोचे."

"तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

काय पण प्रश्न! फोन भिंतीवर भिरकावणार होतो. पण उत्तर ओठांवर येऊन बसलं होतं, ते काही परत जाईना. यंत्रासमोर लाज कसली, म्हणून सांगता आलं असेल. बोललो, मध्येच रडलो, नाक शिंकरलं, पुन्हा बोललो. ते अधूनमधून एखादंच विचारायचं, 'हसायची म्हणजे कशी?' असं काहीतरी. शेवटी त्यानं थोड्याशा ओळी काढून दिल्या. शब्द सगळे माझे होते, फक्त जागच्या जागी लावलेले. एक 'अमूल्य' तेवढा मध्ये घुसवला होता, तो मी उडवला.

शनिवारी सकाळी आणखी लिंबं घेऊन एनिडकडे गेलो आणि या वेळी दार वाजवलं. आत सगळीकडे बांधलेली खोकी. आधीची लिंबं तशीच तसराळ्यात, ओट्यावर. तिनं चष्मा लावला आणि उभ्या उभ्याच वाचायला लागली. मी टोपी हातात धरून उभा.

'एनिड, आधीचं कार्ड शेगडीत घाल. मंगळवारी गोठ्यात मला काही काम नसायचं. मी मागच्या दाराबाहेर उभा असायचो. कोरलचे विरळ झालेले केस मला बघवत नव्हते, म्हणून आत येत नव्हतो. पण तू आलीस की ती हसायची, पहिल्यासारखी, खिंकाळून. आठवडाभर तिला दुसरं कुणी हसवू शकत नव्हतं, मी तर नाहीच. त्या हसण्यावर मी पुढचा मंगळवार गाठायचो. तू तिचे केस धुतलेस आणि मला जगवलंस. ॲथल.'

त्या नावाआधी 'आणि' लिहायला हात गेला होता. तो आवरायला बराच वेळ लागला.

तिनं दोनदा वाचलं. "हे पण मशीनचं?"

"जुळवलं त्यानं. बोललो मी."

"हं." तिनं चष्मा काढून एप्रनला पुसला. "तू बाहेर असायचास ते आम्हाला माहीत होतं, ॲथल. हॉलमध्ये गोठ्याचं म्हणाले ते चारचौघींत तुझी बाजू सावरायला."

"कसं?"

"अरे, ते तुझे गोठ्यातले बूट! वास थेट पलंगापर्यंत यायचा." ती हसली, आणि मग ते हसू राहिलं नाही. "मान मागे टेकवली की तिला कळ यायची रे. डोळ्यांतून पाणी यायचं. पण तुझे बूट वाजले की माझा हात घट्ट धरायची. म्हणायची, 'आला बघ. एनिड, पटकन काहीतरी वाह्यात सांग. त्याला ऐकू गेलं पाहिजे.'"

मी तिथल्याच एका खोक्यावर बसलो आणि लहान पोरासारखा मोठ्यानं रडलो. एनिड पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी निघताना म्हणाली, "एवढी लिंबं मी ॲडलेडला नेऊन काय करू?" आणि तरी सगळी आपल्या पिशवीत भरून घेतली.

घरी आलो. बूट न काढताच टेबलापाशी गेलो आणि फोन उघडला.

"अजून एक कार्ड लिहायचंय."

"जरूर. कुणाला?"

"कोरलला."

"त्यांनी नेमकं काय केलं, सांगाल?"

मी खुर्ची ओढून बसलो. "सांगतो," म्हटलं. "मंगळवारपासून सुरुवात करतो."