वाकलेले बाबा आणि जागचं न हललेलं तेजोवलय

वाचनालयाच्या दारात चपलांचा ढीग बघूनच चष्मेवाल्या बाईंचं डोकं फिरलं. छायाचित्रांच्या स्पर्धेला कधी कोणी चपला काढून येतं? पण सकाळपासून लोक आत शिरत होते ते एका फोटोच्या पाया पडायला. फोटोत बाबा खुर्चीवर डोळे मिटून बसलेले, आणि डोक्याभोवती लख्ख पांढरं वलय, कंपासने काढावं तसं गोल.

"कॅमेरा खोटं बोलत नाही, भक्तहो!" फोटो काढणारा पट्टशिष्य गर्जत होता. "तुमच्या चर्मचक्षूंना जे दिसत नाही, ते यंत्राने टिपलं! विज्ञानाने गुडघे टेकले!"

विज्ञानाला गुडघे कुठे असतात, हे विचारायचं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. दिवसभर दुकानात चष्मे विकून त्या संध्याकाळी स्पर्धेचे फोटो तपासायच्या, तेही फुकट. नियम सातवा असा, की फोटोसोबत त्याच कॅमेऱ्यातली त्याच्या आधीची आणि नंतरची फ्रेम द्यायची, म्हणजे दुसऱ्याचा फोटो कोणी आपला म्हणून खपवणार नाही. मुदत काल सहापर्यंत होती.

काल एका शिंप्याने आपल्या म्हाताऱ्या आईचा, सुईत दोरा ओवतानाचा फोटो आणला होता. इतका सुंदर, की बाई बघतच राहिल्या. पण मागची-पुढची फ्रेम त्याने पुसून टाकलेली. "नियम सगळ्यांना सारखा, भाऊ," असं म्हणून बाईंनी फोटो परत केला, आणि तो न चिडता फोटो घेऊन गेला. आणि आज हा फोटो एकाही फ्रेमशिवाय, बाईंच्या सहीशिवाय भिंतीवर!

"हा कोणी लावला?" त्यांनी स्पर्धेच्या अध्यक्षांना गाठलं.

"मीच. अहो बाई, साक्षात चमत्काराला नियम कसले लावता?"

"शिंप्याला लावताना तुमची जीभ टाळ्याला चिकटली होती? मी त्याला शब्द दिलाय. मला खोटं पाडायचं असेल, तर तपासणीला दुसरं कोणी शोधा. नाहीतर फोटो उतरवा. ह्याच्या फ्रेम तर कोणी बघितल्याही नाहीत!"

"एवढंच ना?" शिष्य छद्मी हसला. "तिन्ही फ्रेममध्ये वलय आहे. बघा आणि तोंडात बोट घाला!" त्याने स्वतःच्या हाताने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून दिलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही.

पडद्यावर पहिली फ्रेम आली. वलय होतं. दुसरी भिंतीवरचीच. तिसरीत बाबा पडलेला रुमाल उचलायला वाकले होते, आणि वलय मात्र जागच्या जागी, खुर्चीच्या रिकाम्या पाठीभोवती.

"वलय खुर्चीला लागलं की काय?" मागून कोणीतरी विचारलं. एक-दोघं फिसकन हसले.

"बाबा काचेआड बसतात ना?" बाईंनी विचारलं.

"भक्तांचा श्वास लागू नये म्हणून!" शिष्य म्हणाला, पण आवाज निम्म्यावर आला होता.

गिऱ्हाइकाच्या चष्म्यात दुकानातला दिवा दिसतो, हे बाई रोज बघत होत्या. त्यांनी एका तसबिरीची काच काढून दोघांना उभी धरायला लावली, पलीकडे कोपऱ्यातला झाडू उभा केला. शिष्याच्या कॅमेऱ्याच्या पिशवीतून फोटोसाठीचा, मधे पोकळ असलेला गोल दिवा काढून अलीकडे ठेवला आणि त्याच्या पोकळीतून मोबाइलने फोटो काढला. दिव्याचं गोल प्रतिबिंब काचेत पडलं, आणि झाडूच्या डोक्याभोवती लख्ख वलय!

"घ्या, झाडूही सिद्धपुरुष झाला. पडा पाया!"

अध्यक्षांनी घाम पुसला. "पण बाई, फ्रेम तर आल्या. आता पात्र धरायला काय हरकत आहे?"

"मुदत काल संपली. शिंप्याच्या आज घेतल्या नसत्या, ह्यांच्याही घेणार नाही." बाईंनी स्वतः फोटो उतरवला.

"बाबांचा शाप लागेल!" शिष्य किंचाळला.

"दे म्हणावं. पण तोही मुदतीत."

लोक मान खाली घालून चपला शोधू लागले, तेव्हा बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"ह्या भोंदूचा राग आहेच, पण तुमचाही आहे. कष्टाळू माणसाकडे पुरावा मागितला तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही, आणि ह्याच्याकडे मागितला की पाप? पुरावा मागितल्यावर जो चिडतो, त्याला लपवायचं असतं काहीतरी. पाया पडायच्या आधी एकदा विचारत चला. उत्तर मिळालं की बहुतेक वेळा वाकावं लागणारच नाही."